मखरातली सातवी सीडी

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कैलासदादा अजूनही अधूनमधून लिनक्सवर प्रोग्राम कसे घालावेत याचा तोच निबंध टाकतो. ॲप्ट बरं की डीएनएफ बरं, पॅकमनचा वेग किती, स्नॅपमध्ये काय खोट आहे, फ्लॅटपॅकमध्ये काय आहे. वाढदिवसाचे केक, कोणाच्या तरी तेराव्याचा निरोप, यांच्या मध्येच हे सापडतं. वाचत कोणी नाही. पाच मिनिटांत दाजींचं उत्तर येतं, तेही निबंधाएवढंच, आणि त्याची सुरुवात ठरलेली असते : ‘कैलास, तुमचा मूळ मुद्दाच चुकीचा आहे.’ कैलासदादाचे केस आता पांढरे झालेत. दाजींना ऐकायला कमी येतं. दोघांची हौस मात्र तसूभर कमी झालेली नाही. मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे आणि या दोघांमुळे माझं आयुष्य एका दुपारी कसं मातीत जाणार होतं, ते लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात आहे. ग्रुपवर लिहिलं असतं, पण तिथं उत्तरं येतील.

तेव्हा आम्ही गुजरातेत, लिंबायतला राहत होतो. खाली लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना, आणि वर आमची दीड खोली. आबा त्याच खात्यात कारागीर होते. लूमची खटखट सकाळपासून जमिनीतून वर यायची. पाण्याच्या पिंपावर ठेवलेलं झाकण थरथरायचं. आम्ही घरात बोलायचो ते सगळे जरा वरच्या आवाजात. गावी अमळनेरकडं गेलो की तिकडची माणसं विचारायची, ‘भांडी का ऱ्हायनात तुम्ही?’ वीज गेली की एकदम शांतता पसरायची आणि मग माय हळू आवाजात काहीतरी सांगायची, कारण तिला वाटायचं हळू बोलायची वेळ हीच. घरात भाजणीचा, उडदाच्या पापडांचा आणि कांद्याच्या काळ्या मसाल्याचा वास कायम असायचा. खालून मशीनच्या तेलाचा वास यायचा तो त्यात मिसळायचा. मला आजही खाताना तेलाचा वास आला की भूक लागते, हे कोणाला सांगितलं तर लोक हसतात.

मला चित्र काढायचा नाद होता. आबा खात्यातून कापडाचे उरलेले तुकडे आणायचे. त्यावरची बुट्टी, म्हणजे नक्षी, मी आधी चौकटीच्या कागदावर उतरवायचे आणि मग कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटर घरात कसा आला, तर कैलासदादा, म्हणजे माझ्या काकांचा मुलगा, उधन्याला दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. त्यानं इकडचा डबा, तिकडचा पडदा असा जोडून तो आणून दिला. त्यात लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी फुकटातली प्रणाली, घातली ती मोठ्या बहिणीच्या नवऱ्यानं, दाजींनी. दाजी नंदुरबारला एका संस्थेत कॉम्प्युटर शिकवायचे आणि लिनक्सच्या अनेक जातींपैकी डेबियनचे भक्त होते. भक्त हा शब्द मी जपून वापरतेय. खऱ्या भक्ताला निदान देवाकडं काहीतरी मागायचं असतं. यांना फक्त दुसऱ्याचा देव खोटा ठरवायचा होता. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, अशी आमची गत. दाजींनी डेबियनच्या सीड्यांचा अख्खा गठ्ठा आणला, प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात क्रमांक घातला आणि तो आमच्याकडे ठेवून दिला. इंटरनेट तेव्हा आमच्या गल्लीत नव्हतं. काही नवीन घालायचं तर या सीड्यांतूनच.

ज्यांना या प्रकाराची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लिनक्सवर प्रत्येक प्रोग्राम एका गाठोड्यात बांधून येतो, त्याला पॅकेज म्हणतात. एका गाठोड्याला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. पुरणपोळी करायची म्हटलं की डाळ, गूळ, कणीक लागते तसं. ही गाठोडी मशीनमध्ये बसवणारा कैलासदादाचा आवडता कारभारी, आरपीएम, त्या काळात फक्त तोंड वाकडं करायचा. गूळ नाही म्हणायचा, गूळ आणला की म्हणायचा वेलदोडे नाहीत, आणि तुम्ही दिवसभर बाजाराच्या फेऱ्या मारायच्या. दाजींचा ॲप्ट स्वतः कोठारात जाऊन सगळं काढून आणायचा, फक्त मध्येच म्हणायचा, अमुक क्रमांकाची सीडी घाला. आणखी एका जातीचं लिनक्स होतं ते काही विचारायचंच नाही, पुरण नसलेली पोळी ताटात वाढून मोकळं. आणि एक होतं ते म्हणायचं गहू आधी तुम्ही पेरा. एवढाच सगळा फरक. या एवढ्याशा फरकावर शिकलेसवरलेले पुरुष घसा फोडून भांडतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि अजून पाहते आहे.

मी काम करत होते ते ‘गिम्प’ नावाच्या चित्रं काढायच्या प्रोग्रामवर. त्याची जुनी आवृत्ती होती, पण चालत होती. बुट्टी काढायची, रंग मोजून कापडाला चालतील तेवढेच ठेवायचे, फाइल जतन करायची. मला आणखी काही लागत नव्हतं. रिंगरोडच्या कापड मार्केटमध्ये एका साडीवाल्याच्या डिझाइन खात्याचे प्रमुख जशुभाई म्हणून होते. आबांच्या खात्यात ते माल बघायला यायचे. आबांनी एकदा भीतभीत माझे कागद त्यांना दाखवले. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, सोमवारी सकाळी घरी येतो, मशीनवर करून दाखवू दे, जमलं तर घरबसल्या काम देईन. आबांची अटही तीच होती. घरी बसून होत असेल तर कर, मार्केटात जायचं नाही. आणि नाही जमलं तर शिरपूरचं स्थळ. ते स्थळ दाजींनीच आणलं होतं. मुलगा त्यांच्या ओळखीतला, जमीन बरी, माणसं बरी. गुरुवारी बघायला येणार होते. मी मुलगा पाहिलाही नव्हता आणि मला तो नको होता. मला कोणीच नको होतं, मला त्या पडद्यासमोर बसायचं होतं. हे मी फक्त मायला सांगितलं होतं. माय म्हणाली, ‘सोमवार चांगला जाऊ दे बाई, मंग देखू.’

तो सोमवार नेमका कानबाई उठायचा सोमवार होता. आमच्या खानदेशी लोकांत श्रावणात रविवारी कानबाई बसते, नारळाला डोळे, नथ, दागिने घालून तिला पाटावर बसवतात, रात्रभर जागरण होतं आणि सोमवारी मिरवणुकीनं तिला पाण्यात सोडून येतात. एकदा ती बसली की उठेपर्यंत तिच्या मखराला कोणी हात लावायचा नाही. रोटाचं, म्हणजे नैवेद्याचं, दळण गिरणी धुवून घेऊन दळलेलं असतं. त्या पिठाच्या पुरणपोळ्या, तांदळाची खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, कटाचं सार, आणि ते सगळं खायला अख्खी भाऊबंदकी. त्या वर्षी कानबाई आमच्या खोलीत होती. शनिवारपासून माणसं यायला लागली होती. कॉम्प्युटर एका कोपऱ्यात पिठाच्या डब्याशेजारी, मायचं जुनं लुगडं पांघरून बसला होता.

रविवारी दुपारी दाजी जेवून उठले, बडीशेप चघळत कोपऱ्यात गेले आणि लुगडं बाजूला केलं. उद्या मशीन बघायला माणूस येणार म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. मी म्हटलं, दाजी, सगळं व्यवस्थित चालू आहे. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, ‘ही आवृत्ती फार जुनी झाली. मार्केटातला माणूस हसेल. नवी टाकून देतो. ॲप्टला काय, दोन मिनिटं.’ जशुभाईंना आवृत्ती म्हणजे काय हे ठाऊक असण्याचं काहीएक कारण नव्हतं. पण दाजी म्हणजे जावई, आणि आमच्यात जावयाला नाही म्हणायची रीत नाही. त्यात त्यांचं म्हणणं ऐकून कैलासदादा गच्चीवरून खाली आला. त्याच्याकडं मासिकाबरोबर आलेली एक सीडी होती, त्यात त्याहून नवी आवृत्ती होती, पण ती आरपीएमची.

मग जे सुरू झालं ते मी शब्दांत मांडू शकत नाही, इतकं ते बाष्कळ होतं. देवीसमोर बायका गाणी म्हणत होत्या आणि हे दोघं त्यांच्या वर आवाज काढून भांडत होते. ‘आरपीएमला अवलंबून काय आहे ते कळतच नाही!’ ‘तुमना ॲप्टले सीडी घाला, सीडी काढा, सीडी घाला. गाना लावेल शे का?’ ‘डेबियनमध्ये जे येतं ते तपासून येतं.’ ‘तपासता तपासता म्हातारं व्हई जास!’ काका, म्हणजे कैलासदादाचे वडील, दोघांकडं कौतुकानं बघत होते. शेजाऱ्याला सांगत होते, आमचे जावई आणि मुलगा कॉम्प्युटरवर बोलत आहेत. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना असे श्रोते मिळाले की उंट खाली बसतच नाही.

दाजींनी ॲप्टला आज्ञा दिली. ॲप्टनं थोडं वाचलं आणि सांगितलं, सातवी सीडी घाला. दाजींनी गठ्ठा उघडला. गठ्ठ्यात पहिली होती, दुसरी होती, मधल्या बऱ्याच नव्हत्या. दाजी ताडकन उठले.

‘माझ्या सीड्या कुठं गेल्या?’

माझी मोठी बहीण, म्हणजे त्यांचीच बायको, स्वयंपाकघराच्या दारात पुरण वाटत होती. तिचा हात थांबला. तिनं हळूच मखराकडं बोट केलं. नारळाच्या मागं निळ्या कापडावर सीड्या अर्धगोल लावलेल्या होत्या, गोंदानं चिकटवून, कडेनं टिकल्या आणि सोनेरी लेस. समईच्या उजेडात त्यांवर इंद्रधनुष्याचे रंग फिरत होते. मखर सगळ्यांनी नावाजलं होतं. गल्लीत सगळीकडं गणपतीला, साखरपुड्याला जुन्या सीड्याच लावायचे, बहिणीला वाटलं ह्याही तशाच. चार वर्षं संसार करून नवऱ्याच्या त्या गठ्ठ्याचा उपयोग तिला पहिल्यांदाच दिसला होता, तो तिनं करून घेतला. मला ती तेव्हाही बरोबर वाटली आणि आताही वाटते.

‘सातवी काढून द्या,’ दाजी म्हणाले.

माय पुढं आली. पदर नीट केला. जावयाशी बोलताना तिचा आवाज नेहमी खाली यायचा, तसाच तो खाली आला. ‘दाजी, कानबाई बठी गई. उद्या ती उठाशिवाय मखरले कोन्ही हात लावाना नही.’

‘अहो, मागून हळूच काढतो. तिला कळणारही नाही.’

गाणी थांबली. कानबाईला कळणार नाही, असं कानबाईच्या तोंडावर कोणी म्हटलेलं त्या खोलीत कोणाच्या आठवणीत नव्हतं. माझी आत्या कपाळावर हात मारून खालीच बसली. दाजींना चूक लक्षात आली, पण जावई माघार घेत नसतो, तो रुसतो. ते जिन्यात जाऊन बसले. मग सगळं घर त्यांना समजवायला जिन्यात. कोणी सरबत घेऊन, कोणी पंखा घेऊन. सणाच्या दिवशी जावई रुसला म्हणजे काय ते खानदेशी माणसालाच कळेल. सगळं लक्ष तिकडं असताना कैलासदादा कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला.

डेबियनवर आरपीएमची आज्ञा चालवता येते. चालवता येते म्हणून चालवावी असं नाही, पण अतिशहाण्याला कोण सांगणार. मी त्याच्या मागं उभी होते. त्यानं आज्ञा दिली. आरपीएमनं नेहमीसारखी यादी वाचून दाखवली, हे नाही, ते नाही, तमुक नाही. मी म्हटलं, ‘दादा, ऱ्हाऊ दे ना. जुनं चाली ऱ्हायनं. माले तेच लागस.’

‘तुले काय समजस त्यामां?’ तो म्हणाला. ‘सरक तिकडे.’

आणि त्यानं आज्ञेच्या पुढं दोन शब्द जोडले. पहिल्याचा अर्थ, काय लागतं ते बघू नकोस. दुसऱ्याचा अर्थ, जबरदस्ती कर. एकेक करून मासिकाच्या सीडीवरचं सगळं त्यानं आत कोंबलं. ज्या मुळाच्या फाइलींवर मशीनमधली प्रत्येक गोष्ट उभी असते, त्यांच्यावरही त्यानं भलत्याच घरच्या फाइली बसवल्या. मग विजयी चेहऱ्यानं मशीन बंद करून परत सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या, मध्येच थांबल्या आणि तशाच राहिल्या. मी वाट पाहिली. खालून लूमची खटखट येत होती. त्या ओळी हलल्या नाहीत. रडू आलं नाही, संताप आला, आणि तो कोणावर काढायची सोय नव्हती. कैलासदादा म्हणाला, ‘ह्या डेबियनमां दम नही.’ नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण माझं होतं. दाजींना जिन्यात बातमी लागली तसा त्यांचा रुसवा पळाला. टवटवीत चेहऱ्यानं आत आले आणि म्हणाले, ‘मी सांगितलं नव्हतं? आरपीएम!’ माझं काय होणार याची चौकशी दोघांपैकी एकानंही केली नाही. त्यांच्या दृष्टीनं वाद निकाली निघाला होता, किंवा नव्हता, आणि तेच महत्त्वाचं होतं.

सोमवारी सकाळी जशुभाई आले तेव्हा खाली बँडवाले वाजवायला लागले होते. कानबाईला उठवायची तयारी चालली होती. चिंचोळ्या जिन्यावरून म्हातारा माणूस धापा टाकत वर आला. मायनं पाणी दिलं. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ‘चालो बेन, बतावो.’ मी काही बोलायच्या आत दाजी पुढं झाले. मशीन सध्या का बंद आहे हे त्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली. पॅकेज म्हणजे काय, अवलंबित्व म्हणजे काय. कैलासदादानं मध्येच तोडलं आणि आरपीएमची बाजू हिंदीत मांडली. दाजींनी ती गुजरातीत खोडून काढली. बँड वाजत होता, बायका कानबाईला ओवाळत होत्या, आणि हे दोघं एका साडीवाल्या म्हाताऱ्याला लिनक्सच्या गाठोड्यांच्या पद्धतींची तुलना शिकवत होते. जशुभाईंनी बराच वेळ मान डोलावली. मग पेला खाली ठेवला. ‘तमे बेउ नक्की करी लो,’ ते म्हणाले, ‘पछी मने फोन करजो.’ दोघांचं ठरलं की फोन करा, एवढं सांगून ते उठले आणि जिना उतरायला लागले.

मी आबांकडं पाहिलं. आबांनी मान खाली घातली होती. पुढचं मला ठरवून करता आलं नसतं. मी अनवाणी जिना उतरले, बँडवाल्यांच्या मधून वाट काढली आणि जशुभाई रिक्षात बसत होते तिथं गाठलं. माझं गुजराती शाळेतलं, पण तुमच्या मशीनवर करून देते, आत्ताच न्या, हे सांगताना त्या दिवशी ते अडखळलं नाही. ‘काका, तमारे त्यां जे मशीन होय एना पर करी आपीश. हमणां ज लई जाओ.’

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ‘तारा बाप ने पूछ.’

आबा माझ्या मागंच उभे होते. ते कधी उतरले ते मला कळलं नव्हतं. मागं कैलासदादाचे वडील ओरडत होते, कानबाई उठी ऱ्हायनी, घरना माणूस कोठे चालना? अख्खी भाऊबंदकी बघत होती. घरात कानबाई असताना, ती निघत असताना, घरचा कर्ता पुरुष दुसऱ्याच्या रिक्षात बसून मार्केटात जातो असं कोणी ऐकलं नव्हतं. आणि घरी बसून करायचं ही अट आबांचीच होती. त्यांच्या खांद्यावर कानबाईच्या पाटावर घालायचं वस्त्र होतं. ते त्यांनी घडी करून माझ्या आत्याच्या हातात दिलं.

‘चप्पल घाल,’ ते मला म्हणाले. ‘मी बी येस.’

मार्केटातल्या त्या खोलीत मुली ओळीनं बसल्या होत्या. मशीनमध्ये काय घातलं आहे हे मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. प्रोग्राम मी कधी पाहिलेला नव्हता. पेन्सिलचं चित्र असेल तिथं पेन्सिल असणार, एवढं धरून चालले. जशुभाईंनी एक कैरीची बुट्टी ठेवली. आबा दाराशी उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मी बुट्टी पुरी केली, रंग कमी केले, फाइल ठेवली. जशुभाई चष्मा वर करून पडद्याजवळ गेले, एक पाकळी बोटानं दाखवली, मी ती सरळ केली. ‘काले थी आवजे,’ ते म्हणाले. उद्यापासून ये. बस, एवढंच. आबांनी त्यांना हात जोडले.

घरी आलो तेव्हा कानबाई सोडून सगळे परतले होते. जेवणं व्हायची होती. मखर मोडलेलं होतं आणि त्या उघड्या कोपऱ्यात दाजी आणि कैलासदादा मेलेल्या मशीनसमोर मांडी घालून बसले होते. दाजी सातव्या सीडीवरचा गोंद रुमालानं पुसत होते. आम्हाला पाहून दोघांनी माना वर केल्या. मला वाटलं, निदान आता विचारतील, काय झालं, काम मिळालं का. कैलासदादाचे डोळे चमकले.

‘तठे काय वापरतस वं?’ त्यानं विचारलं. ‘आरपीएम का ॲप्ट?’

दाजी उत्तरासाठी पुढं वाकले. इतका तिटकारा मला आयुष्यात पुन्हा कोणाचा आला नाही. आबांनी टोपी काढून खुंटीला लावली, पाणी प्याले आणि जावयासमोर येऊन उभे राहिले. दाजींशी ते एरवी नजर वर करून बोलत नसत.

‘दाजी,’ ते म्हणाले, ‘शिरपूरले फोन लावा. सांगा, गुरुवारले येऊ नका, पोर कामले लागनी.’ मग त्यांनी कैलासदादाकडं पाहिलं, पुन्हा दाजींकडं पाहिलं. ‘दोन्ही मिळीसन तेवढं तरी जमी का तुम्हले?’